राहिलेलं दार

“मी काय माफ करनार, भाऊ? आत या, च्या टाकते,” चिमाबाई म्हणाली.

बाबालाल मुलाणी आत गेला नाही. पुढच्या आठवड्यात तो हजला निघणार होता. जाण्याआधी सगळ्यांच्या दारी जाऊन, कधी दुखावलं असेल तर माफी मागायची, अशी रीत. गावात पंधरा दिवस त्याने तेच केलं. लोक हसत ‘माफ, माफ’ म्हणाले आणि येताना खजूर आणायला सांगून मोकळे झाले. आता दुसऱ्या गावातलं, लोणीतलं, हे एकच दार राहिलं होतं. राहिलं कसलं, त्यानेच मागे ठेवलं होतं.

“च्या नको. आधी ऐका. शाळेची घंटा खंडूनं नेली नव्हती.”

चिमाबाईचा हात पातेल्यावरच थांबला.

बावीस वर्षं झाली होती त्याला. तिचा नवरा खंडू तेव्हा गावच्या शाळेत शिपाई होता. एके दिवशी शाळेची पितळी घंटा गेली. चावडीवर माणसं जमली तेव्हा बाबालाल पुढे झाला आणि अल्लाची शपथ घेऊन म्हणाला, खंडूला घंटा नेताना मी पाहिलं. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. त्याच्या शपथेपुढे कोण काय बोलणार? खंडूची नोकरी गेली. बायको-लेकीला घेऊन तो सासुरवाडीला, लोणीला आला आणि दुसऱ्यांच्या रानात राबून मेला.

“माझ्या भावानं ती मोडीत विकली,” बाबालाल म्हणाला. “त्याला वाचवायला मी खोटं बोललो.”

चिमाबाईने पातेलं खाली ठेवलं.

“मग हे तुमच्या देवाला सांगा,” ती म्हणाली. “मला कशापायी? आमी छप्पन सालातच देव सोडलं.”

“त्याला रोज सांगतो. खोटी शपथ घेतली हा त्याच्याशी केलेला गुन्हा, तो मर्जी झाली तर माफ करील. पण मौलवीसाहेब म्हणाले, माणसाचं वाईट केलं त्याची माफी अल्लानं त्या माणसाच्याच हातात ठेवलीय. खंडू तर गेला. आता तुम्ही न्हाई म्हणालात, तर मी मक्केला जाऊन पण तसाच परत येनार.”

चिमाबाई खुळ्यासारखी बघतच राहिली. लहानपणी तिला देवळाच्या पायरीला शिवू दिलं नव्हतं. आणि आज एक देव तिच्या उंबऱ्याशी येऊन तिच्या ‘हो’साठी अडला होता.

बाबालालला तिच्याकडे बघवेना. त्याने नजर भिंतीकडे वळवली. बुद्धाचा फोटो होता, बाबासाहेबांचा होता, लेकीच्या लग्नाचा होता. खंडूचा कुठेच नव्हता.

“खंडूचा फोटो...?”

“न्हाई लावला.” ती म्हणाली. “चोराचा फोटो कसा लावू? मरताना पण सांगत व्हता, चिमे, म्या न्हाई नेली. एकदा तरी व्हय म्हण. मी तोंड फिरवलं. म्हनलं, बाबालालभाई अल्लाची शपथ घेऊन खोटं कशाला बोलतील?”

बाबालालने दाराची चौकट धरली. आपण खंडूची नोकरी घेतली, गावातलं नाव घेतलं, हे तो बावीस वर्षं जाणून होता. खंडूची बायकोही आपणच नेली, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

चिमाबाईने पदराने तोंड पुसलं.

“माझ्या वाटचं माफ केलं. जावा तुमी हजला.”

तो हलला नाही. तिनेच मान वर केली.

“तुमाला माझं दार तरी व्हतं, भाऊ. मी आता कुनाच्या दारात जाऊ?”