गावपळणीतला तडीपार

देवाचा कौल झाला आणि गावपळण निघाली. देव परत बोलावीपर्यंत गावात कोणी राहायचं नाही, म्हणून माणसं गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेरच्या झोपड्यांत गेली. तडीपार झिलूला हेच हवं होतं. पोलिसांत चुगली करायला कोणी उरलंच नव्हतं! एकदा आपल्या घरात मनसोक्त झोपावं म्हणून भर दुपारी तो दबकत आत शिरला.

माजघरात पंगत बसली होती. वाढणारा म्हातारा त्याने ओळखला, खापरपणजोबा. भिंतीवरची त्यांच्या फोटोची चौकट रिकामी होती, हार तेवढा लटकत होता.

"तू हय कित्याक रे? देवान तुका भायर काढूक नाय?"

"माका पोलिसांनी काढल्यानी. गावानच अर्जार सह्यो दिल्यान."

"देवान काढलेल्यांक देव परत बोलावता. तुका कोण बोलावतलो?"

झिलू म्हणाला, "कोणच नाय."

"म्हणजे आमच्यासारखोच!" म्हातारा हसला. अख्खी पंगत सरकली. "बस, पान वाढतंय."

झिलूला पळायचं होतं. पण कित्येक महिन्यांत त्याला 'बस' असं कोणी म्हटलंच नव्हतं. तो बसला.