रॅमची जोडी

"काकूंनी जाळली असणार, सर," दुकानदार म्हणाला.

कॉम्प्युटरच्या रॅमच्या दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या होत्या तिनं, तक्रार सांगितली होती तिनं, आणि हा गृहस्थ उत्तर देत होता तिच्या नवऱ्याला! "ओव्हरक्लॉक केलेलं मशीन आहे म्हणतात ना. कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला गेलं की असंच होतं. बदलून नाही मिळणार."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," नवरा मोकळेपणानं म्हणाला. "मशीन हिनं बांधलंय. हिलाच विचारा."

तिला विचारायचं सोडून दुकानदार नुसता समजूतदारपणे हसला. त्या हसण्यानंच तिचं डोकं फिरलं. चार महिने खपून तिनं ते मशीन उभं केलं होतं. एकेक भाग पारखून आणला, वेग पायरीपायरीनं चढवला, प्रत्येक पायरीचं तापमान पेन्सिलीनं वहीत टिपून ठेवलं. आणि आठवड्यापूर्वी या दुकानातून ही नवी रॅम नेली, तेव्हापासून ते दहा मिनिटंही धड चालेना. मुलगा म्हणाला होता, "आई, झेपत नाही तर कशाला नादी लागतेस? तयार कॉम्प्युटर घेऊन टाकू एखादा." आज रॅम बदलून मिळाली नाही, तर त्याचंच खरं ठरणार होतं.

तिनं पर्समधून भिंग काढलं.

"इकडे बघा. त्यांच्याकडे नको, माझ्याकडे बघा. दोन्ही पट्ट्यांवर कंपनी तीच, वेग तोच. आता खालचा बारीक आकडा वाचा. हा वेगळा, हा वेगळा. आतल्या चिपा दोन वेगळ्या कारखान्यांतल्या आहेत. कंपनी दोन पट्ट्या एकत्र चालवून बघते आणि मगच एका खोक्यात घालते, म्हणून तर जोडी घ्यायची. तुम्ही खोकी फोडून एकेक पट्टी विकता आणि उरलेल्यांची लग्नं लावून देता!"

काउंटरवर माऊस बघत असलेलं गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. दुकानदाराचे कान लाल झाले.

"सगळेच दुकानदार तसं करतात, सर. पट्ट्या जळल्यात त्या वेगानं."

"मग लावा तुमच्या मशीनवर," ती म्हणाली. "माझ्या वेगानं नको. खोक्यावर छापलाय त्या वेगानं लावा आणि चाचणी चालवा."

"वेळ लागेल, काकू."

"लागू दे. मी कुठे पळून चाललेय?"

तिनं स्टूल ओढलं आणि दुकानाच्या मधोमध ठिय्या मांडला. नवरा दाराशी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर टेकला. दुकानदारानं आधी एक पट्टी लावली. वीस मिनिटं आकडे सरकत राहिले, एकही चूक निघाली नाही. मग दुसरी. तीही स्वच्छ.

"बघितलंत ना, सर?" दुकानदार खुलला. "माल खणखणीत आहे."

"म्हणजे मी जाळलेल्या नाहीत," ती म्हणाली. "आता दोन्ही एकदम लावा."

त्याचा हात जरा रेंगाळला. पण माऊसवालं गिऱ्हाईक आता माऊस विसरून उभं होतं, त्यामुळे लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सातव्या मिनिटाला पडद्यावर चूक दाखवणारी एक तांबडी ओळ आली. मागोमाग दुसरी आली. बघता बघता सगळा पडदा तांबडा झाला.

 मागच्या कपाटातून दुकानदारानं एक न फोडलेलं खोकं आणलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. "घ्या सर. आपल्याला गिऱ्हाइकाशी वाद नको." माफीचा शब्द नाही, चूक झाली म्हणणं नाही. वर उपकार! तिनं ते खोकं स्वतःकडे ओढलं, कडेचं सील तपासलं आणि मगच पर्समध्ये टाकलं.

"बिल नवीन लागेल, वॉरंटीसाठी," दुकानदार कीबोर्डवर बोटं ठेवत म्हणाला. "नाव?"

नवरा चष्मा पुसत होता. मान वर न करता त्यानं आपलं नाव सांगितलं. आपलं, वडिलांचं, आडनाव, एका दमात. दुकानदारानं ते टाइपही केलं.

ती नवऱ्याकडे बघतच राहिली. दुकानदाराचा आला नव्हता इतका राग तिला आला.

"अहो, ही रॅम कुठल्या स्लॉटमध्ये बसवायची?"

"मला काय विचारतेस? मला कुठे कळतं त्यातलं?"

"मग नाव कसं सांगितलंत?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. "अगं, सवयीनं गेलं तोंडातून."

"ते नाव खोडा," ती दुकानदाराला म्हणाली. "आणि माझं घाला." तिनं आपलं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

दुकानदारानं ते ऐकलं, टाइप केलं आणि थांबला. त्यानं नवऱ्याकडे पाहिलं.

नवऱ्यानं होकारार्थी मान हलवली. मग प्रिंटर सुरू झाला.