तांबडीची अंडी

अक्काबाईनं दोन लुगडी, एक वाकळ आणि स्वतःची पितळी जुन्या धडप्यात बांधली, गाठ दातानं ओढली आणि गाठोडं दाराशी आणून आपटलं. आवाज कुडाच्या भिंतीपलीकडं सुनेला ऐकू जावा, एवढ्या जोरानं.

तिचा धाकटा भाऊ कोंडिबा चुलीपुढं हात शेकत बसला होता. बहिणीचा निरोप आला म्हणून तो काल आंबवड्याहून हिर्डोशीला आला होता. तिला कायमचं आपल्याकडं न्यायचं होतं. सकाळची एसटी चुकली तर दुपारपर्यंत बसून राहायचं.

हा कूड गेल्या वर्षीचा. सून रतनबाईनं भोरच्या ब्लॉक ऑफिसातून पांढऱ्या सरकारी कोंबड्या आणल्या, तिथनं सगळं सुरू झालं. असल्या कागदी कोंबड्या माझ्या उंबऱ्याच्या आत नकोत, असं अक्काबाई म्हणाली. दाणा मी घालते, तुम्ही नुसती नावं ठेवू नका, असं सून म्हणाली. शब्दानं शब्द वाढला आणि एका घरात दोन चुली झाल्या. लेकानं, गेनबानं, मधे डोक्याएवढा उंच, कारवीच्या काड्यांचा कूड उभा केला आणि स्वतः भोरला भाताच्या गिरणीवर कामाला गेला. बाजाराच्या दिवशी येतो, दोन्हीकडं जेवतो, कुठंच बोलत नाही. मागच्या पडवीपर्यंत जाईतो कारवी संपली, म्हणून पडवी तेवढी एकच राहिली. रतनबाई ती रोज पहाटे झाडते, आपल्या वाटची आणि सासूच्याही वाटची. लोकांना दाखवायला, असं अक्काबाईचं म्हणणं.

अक्काबाईच्या वाट्याला एकच कोंबडी आली. तांबडी. गावठी, एका डोळ्यानं अधू, वय कुणी विचारू नये अशी. पण उजाडलं की पडवीतल्या पाटीत, तुसावर, अंडं तयार. रात्रीचं जे उरेल, पिठलं, पालेभाजी, भाताची ढेकळं, ते अंड्यात कालवायचं आणि तव्यावर टाकायचं. वर्षभर हीच तिची न्याहारी. सुनेपुढं हात पसरावा लागला नाही, तो तांबडीच्या जिवावर. पाणवठ्यावर ती ठसक्यात सांगायची, माझी कोंबडी माझ्या वळणाची हाय, खुडूक म्हणून बसली न्हाई. अंडी आताशा पांढरी पडली होती, हे खरं. पण माणसाचे केस पिकतात, तिथं कोंबडीला कोण बोल लावणार?

अशी कोंबडी मागं सोडून सुनेच्या हाती लागू द्यायची? काल दिवस मावळताना तिनं ती भावापुढं धरली आणि काप म्हणाली. पोट साफ करताना कोंडिबानं एकदा वर बहिणीकडं बघितलं आणि पुन्हा आत बघितलं. कोंबडी जून निघाली. लाकडं जळून गेली तरी मांस शिजता शिजेना.

आता सकाळी टोपाच्या तळाशी दाट रस्सा, एक तंगडी आणि घमेल्यात गार भात उरला होता. भावाला उपाशी गाडीत बसवायची तिची रीत नव्हती. तिनं तंगडीचं मांस बोटांनी सोडवलं, भाताची ढेकळं मोडली, कांदा चिरला. मग पडवीत जाऊन अंधारात पाटीत हात घातला. दोन अंडी लागली. एक कालचं राहिलं असेल. हातासरशी टोपात फोडली, रस्सा-भाताबरोबर घोटली. तव्यावर खुरासणीचं तेल तापलं होतं, त्यावर सगळं ओतून वर झाकण टाकलं.

"भोरच्या स्टँडवर ह्याला आमलेट म्हणत्यात," कोंडिबा म्हणाला.

"म्हणू देत. तिथं खाऊन कुणाचं पोट भरलंय?"

कुडापलीकडं रतनबाई खोकली. बराच वेळ खोकत राहिली. अक्काबाईचा हात उलथन्यावर थांबला.

"चार रोज झालं ढास लागलीया," ती हळूच म्हणाली. "राती चूलबी पेटवली न्हाई. आल्याचा काढा घ्यावा, एवढी अक्कल न्हाई."

"मग सांग की तिला."

"म्या सांगू? जीभ झडंल माझी." तिनं पोळी उलटली. कडा खरपूस झाल्या होत्या. "अन आज जातीयाच की मी. तिची ती बघंल."

तिनं पोळीचे दोन भाग केले, अर्धी भावाच्या ताटात वाढली, आपली अर्धी तव्यावरच ठेवली. खाऊन बघ म्हणाली, अशी पोळी सुनेला सात जन्म जमायची न्हाई.

कोंडिबानं घास घेतला. चांगली झाली होती. दुसरा घास घेतला आणि चावता चावता थांबला. पोळीतली मांसाची काडी चिमटीत धरून त्यानं चुलीच्या उजेडात बघितली.

"अक्का, ही तांबडीच न्हवं?"

"मग काय वाघ हाय?"

"तसं न्हाई." तो ताटाकडं बघत राहिला. "तांबडी राती आपल्या पोटात गेली. कापली तवा तिच्यात अंड्याचा मागबी न्हवता. मग आज सकाळची अंडी कुणाची?"

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. कोंडिबा जागचा हलला नाही. पडवीत रतनबाईच्या झाडूचा आवाज चालला होता, तो मधेच थांबला आणि तिची पावलं कुडापलीकडं आली.

अक्काबाई उठली. दाराशी बसून तिनं गाठोड्याची गाठ दातानंच सोडली, पितळी काढली, तव्यावरची आपली अर्धी पोळी तीत घातली आणि कुडावरून पलीकडं धरली.