गोल शिक्का

अहेरीच्या बाजारात सत्यशीलाबाईचा बचत गट जखमेवरची पट्टी विकायचा. ऐनाच्या सालीचा लेप आणि वरून पळसाचं पान. एक दिवस एका औषध कंपनीचे वकील नोटीस घेऊन थेट तिच्या अंगणात आले.

"बाई, या पट्टीचं पेटंट चार वर्षांपासून आमच्याकडे आहे. विक्री आजपासून बंद करा."

"माह्या सासूपासून बांधून राह्यलो आमी हे."

"तोंडी नको. पेटंटच्या आधीचा लेखी पुरावा आहे? सरकारी शिक्क्याचा?" वकील हसले.

सत्यशीलाबाईनं पेटीतून एक पिवळा पडलेला कागद आणला. सव्वीस वर्षांपूर्वी अस्वलानं तिच्या नवऱ्याची मांडी फाडली होती. भरपाईच्या अर्जाला वनखात्याकडून आलेलं ते उत्तर होतं.

"मोठ्यानं वाचा, वकीलभाऊ."

"दवाखान्यात उपचार न घेता पत्नीने जखमेवर ऐनाच्या सालीचा लेप लावून पळसाच्या पानाची पट्टी बांधली. सबब अर्ज नामंजूर."

खाली तारीख, सही आणि गोल शिक्का होता. शिक्का पाहून वकील नोटीस परत बॅगेत घालू लागले.

"आता आणा जी थे नोटीस इकडं," सत्यशीलाबाई म्हणाली. "तिच्यावर मीबी लिवून देतो. सबब नामंजूर."