धाकटीचं घोरणं

आईने मोबाइल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि आवाज वाढवला.

आधी घोरणं. मग काहीच नाही. आईने बोटांवर आठपर्यंत मोजलं. मग पाण्यातून डोकं वर काढावं तसा एक मोठा श्वास, आणि पुन्हा घोरणं.

"ह्यांनी घेतलंय," आई म्हणाली. "रात्रपाळीहून आले तेव्हा, दाराबाहेरूनच. मुली जाग्या होतील म्हणून आत गेले नाहीत."

धाकटी आईच्या मांडीवर होती. पाच वर्षांची घोडी, पण मांडी सोडायची नाही. नाक सदा वाहतं म्हणून आधीच लाड, आणि आता तर हे. शेजारच्या खुर्चीत नऊ वर्षांच्या थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं.

"टॉन्सिल वाढले की झोपेत हवेची वाट अडते, श्वास थांबतो," डॉक्टर म्हणाले. "मूल रात्रभर झोपतं, पण विश्रांती मिळत नाही. अंगावर काढलं तर हृदयावर ताण येतो. बहुधा छोटं ऑपरेशन करावं लागेल. मग मूल बरं होतं."

आईने धाकटीला घट्ट धरलं. "घाबरू नको हं. ऑपरेशन झालं की महिनाभर माझ्याच कुशीत झोपायचं."

महिनाभर! थोरलीला राहवेना.

"नाटकं आहेत तिची. मी त्याच खोलीत झोपते. मला कधीच ऐकू आलं नाही."

"तुझ्या उशाशी ढोल बडवले तरी तुला ऐकू येत नाही," आई म्हणाली. "वर्गातसुद्धा पेंगतेस. आळशी कुठली."

डॉक्टरांनी टॉर्च लावून धाकटीचा घसा पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"घसा तर मोकळा दिसतोय. हा आवाज कधीचा?"

आईने मोबाइलवर पाहिलं. "रविवार. पहाटे साडेपाच."

थोरली ताडकन उभी राहिली. एवढ्या दिवसांनी धाकटी तावडीत सापडली होती.

"रविवारी ही मावशीकडे होती," ती एकेक शब्द चवीने म्हणाली. "शनिवारीच गेली राहायला. बाबांना पत्ताच नव्हता. खोलीत मी एकटीच होते. म्हणजे हिला काहीसुद्धा झालेलं नाही. उतरव तिला मांडीवरून."

डॉक्टरांनी खुर्ची थोरलीकडे वळवली.

"बाळा, तू ये इकडे," ते म्हणाले. "आ कर."