सव्वासहा आणि पावणेसात

चेंडू जाळीतून खाली पडला आणि पंच वैदोतसचा हात वर जाता जाता खांद्याशीच अडकला. सामना संपला होता. आता त्याची बोटं तेवढी बघायची होती, दोन की तीन.

लिथुआनियातल्या त्या गावात चर्चला उशीर झालेला चालतो, बास्केटबॉलला नाही. शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. तीन गुण दिले तर बरोबरी, दोन दिले तर गावाची हार. आणि चेंडू टाकणारा होता झिगमास, गेल्याच आठवड्यात तुरुंगातून सुटून आलेला. त्याला आत पाठवलं होतं ते वैदोतसच्याच साक्षीनं.

काही वर्षांपूर्वी सेंट जॉनच्या सणाला, शेकोटीपाशी, झिगमासचा जिवलग मित्र डोक्यात ओंडका बसून मेला होता. पाहणारा एकटा वैदोतस. झिगमास इतका प्यालेला, की त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. न्यायाधीशांसमोर तो एवढंच म्हणाला होता, "हा म्हणतोय, म्हणजे मारलं असेन." त्याची आई मात्र आजवर गावभर सांगत होती, की वैदोतस धडधडीत खोटं बोलला.

झिगमास आल्यापासून वैदोतस दाराला आतून फळी लावून झोपत होता. दोघांच्या घरांमधे कुंपण एकच.

त्यानं जमिनीकडे पाहिलं. तीन गुणांची रेघ, जिच्या बाहेरून टाकलं तरच तीन मिळतात, पूर्वी जाळीपासून सव्वासहा मीटरवर असायची. झिगमास आत असताना नियम बदलला आणि ती पावणेसातवर गेली. गावानं नवी पांढरी रेघ मारली, पण जुनी पिवळी पुसायला कुणाला सवड झाली नाही. झिगमासनं दोन्हींच्या मधे उभं राहून चेंडू टाकला होता. बिचाऱ्याला काय ठाऊक.

तीन दिले तर पाहुणा संघ आरडाओरडा करणार आणि बस पकडून आपल्या गावी जाणार. झिगमास कुठे जाणार होता?

"काय रे वैदोतस, बोटं गोठली का?" मागून एक म्हातारी ओरडली. "तीनच तर दाखवायचीत."

वैदोतसनं हात वर केला. दोन बोटं.

झिगमास चेंडू काखेत मारून सरळ त्याच्याकडे चालत आला. मधली माणसं आपोआप बाजूला झाली. पळावं असं वैदोतसला फार वाटत होतं, पण तो जागचा हलला नाही.

"ती पिवळी रेघ आता चालत नाही," तो कसाबसा म्हणाला. "तू आत होतास तेव्हा सरकली."

"माहीत आहे." झिगमासचा आवाज इतका खाली होता, की तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नाही. "तुरुंगाच्या अंगणातही नवीच रेघ होती."

"मग तिथून का टाकलास?"

झिगमासनं चेंडू त्याच्या हातात दिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"घाबरलास की तू खोटं बोलतोस का, ते बघायचं होतं. तीन दाखवली असतीस, तर आई म्हणते तेच खरं धरून जगलो असतो. पण तू दोन दाखवलीस. म्हणजे माझ्या मित्राला मीच मारलं."