पुढचा आकडा

१९९८ साली डॉक्टर ज्योत्स्ना नाशिकच्या चार दवाखान्यांत भूल द्यायला जायची. दुपारचं जेवणही स्कूटरच्या डिकीतच राहायचं.

त्या दिवशी पहिली पेशंट पेठकडची कुसाबाई. भूल चढताना ज्योत्स्नाने तिला एकपासून आकडे मोजायला सांगितले. सातावर ती झोपली.

दुसऱ्या दवाखान्यात अंबडच्या कारखान्यातला हिरामण होता. त्याने एकदम "आठ" म्हटलं.

"एकपासून मोजा."

"तिथवर मोजून झालंय ना, मॅडम," तो म्हणाला आणि तेरावर झोपला.

तिसऱ्या ठिकाणी तिने सर्जनना बाजूला घेतलं. "सर, आज मला नाही जमणार. दुसरं कुणी बघा."

"आत्ता कुणाला आणू? अपेंडिक्स फुटलंय पोरीचं."

त्या पोरीला तिने मोजायला सांगितलंच नाही. पोरगी आपणहून "चौदा" म्हणाली आणि झोपली.

ज्योत्स्ना श्वासाची पिशवी हाताने दाबू लागली. पोरीचा श्वास आता त्या हातावर होता. सर्जननी सुरी उचलली.

"पंधरा."

सर्जननी दचकून ज्योत्स्नाकडे पाहिलं. तिने मास्कखाली ओठ दातांत घट्ट धरले. तरीही "सोळा" तिच्याच आवाजात उमटलं, आणि तिच्या पापण्या जड होऊ लागल्या.